२०० लिटरचं पिंप आणि त्यात फिरणारं पातं

केळवे रोडहून डहाणूकडे निघालेल्या लोकलला आधी पालघर, मग उमरोळी आणि त्यानंतर बोईसर लागतं. या छोट्या टप्प्याच्या दोन्ही टोकांना एकच भांडं राबत असतं: २०० लिटरचं पिंप. केळव्याच्या वाडीत त्यात जीवामृत मुरतं, पानवेलीसाठी बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक होतं. बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीत त्याच मापाच्या ड्रममधून रेझिन, रंग आणि सॉल्व्हंट हलतात. तळाशी बसलेलं वर कसं आणायचं, आणि तेही परवडेल अशा खर्चात, हा प्रश्न मात्र दोघांनाही पडतो.

वाडीत काठी पुरते. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांची जीवामृताची कृतीच २०० लिटर पाण्याची आहे: १० किलो शेण, गोमूत्र, प्रत्येकी २ किलो गूळ आणि बेसन, मूठभर माती. सकाळ-संध्याकाळ लाकडी काठीने ढवळायचं. यासाठी मोटर घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. बोर्डो जास्त नाजूक. १ टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना लागतो. दोन्ही वेगवेगळे भिजवून, सतत ढवळत एकत्र करायचे, आणि भांडं प्लास्टिकचंच घ्यायचं, कारण मोरचुदाचं पाणी लोखंड खातं. शेवटी मिश्रणात विळा बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला.

वाडीतलं पिंप भंगारातून घ्यायचं असेल तर त्यात आधी काय होतं हे विचारल्याशिवाय घेऊ नये. घातक रसायनाने माखलेला रिकामा ड्रम २०१६च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडतो. साबणाने धुतला म्हणून तो पिण्याच्या पाण्याचा होत नाही.

कारखान्यात काठीचं काम ड्रम स्टरर करतो. वर मोटर, खाली लांब शाफ्ट, टोकाला पाती. उघड्या तोंडाच्या ड्रमच्या काठाला तो क्लॅम्पने बसवतात. बंद ड्रमचं मोठं बूच मात्र फक्त २ इंचांचं. त्यातून जाणाऱ्या बारक्या पात्याने अख्खा ड्रम कसा हलणार? त्यासाठी मिटणारी पाती निघाली. मिटलेली आत सोडायची. शाफ्ट फिरू लागला की ती स्वतःच बाहेर फाकतात, थांबला की मिटतात. इतक्या साध्या युक्तीने झाकण न कापता काम होतं, आणि या यंत्रातला सर्वांत देखणा भाग मला हाच वाटतो.

पैसे वाया जातात ते मोठी मोटर घेण्यात. पातळ द्रवात पात्याचा वेग दुप्पट केला तर ८ पट ताकद लागते. वेग तोच ठेवून व्यास दुप्पट केला तर ३२ पट. म्हणून पाण्यासारख्या द्रवाला लहान पातं पुरतं. घट्ट रेझिनला मोठं पातं हवं, पण गिअरबॉक्स लावून सावकाश फिरणारं. मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर थेट जोडली तर द्रवात हवा कोंडते, फेस होतो. शाफ्ट अगदी मधोमध उभा ठेवला तर सगळा द्रव नुसता गोल फिरतो आणि भोवरा पडतो. तो थोडा तिरका आणि मध्यापासून बाजूला लावला की तीच मोटर चांगलं मिसळते, आणि याला एक पैसा लागत नाही.

नव्या स्टररहून स्वस्त तोडगा पुष्कळ कारखान्यांत आधीच असतो: डायफ्रॅम पंप. तळातून द्रव खेचून वरून परत ड्रममध्ये सोडायचा. पातळ द्रवांसाठी आधी हेच करून पाहावं. हवेवर चालणारा स्टररही चांगला. अडकला तरी जळत नाही. पण त्याला कॉम्प्रेसरची हवा सतत लागते, आणि ते वीजबिल स्टररच्या किमतीत दिसत नाही.

एका जागी मात्र काटकसर करूच नये. टोल्युइनसारखा सॉल्व्हंट ४ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडतो. केळव्याची थंडीतली पहाटही त्याला गरमच. अशा ड्रमवर साधी मोटर किंवा हातातली ड्रिल लावणं म्हणजे माणसाच्या जिवावर पैसे वाचवणं. तिथे प्रमाणित फ्लेमप्रूफ मोटर किंवा हवेची मोटर हवी, लोखंडी ड्रमला अर्थिंग हवं. ढवळताना द्रवात स्थिर वीज साठते, म्हणून यंत्र थांबवल्यावर नमुना काढण्याआधी थोडं थांबायला हवं. प्लास्टिकच्या ड्रमला अर्थिंग लागू पडत नाही, तेव्हा असे सॉल्व्हंट त्यात ढवळूच नयेत. आगीचा प्रश्न नसला तरी शाफ्टचा धातू पाहावा: हायड्रोक्लोरिक आम्लात स्टीलचा शाफ्ट, अगदी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचाही, टिकत नाही.

लहान कारखानदारांना एवढंच सांगणं आहे: किंमत विचारण्याआधी द्रवाचं नाव, घट्टपणा, तो पेट घेतो का, ड्रम लोखंडी की प्लास्टिकचा आणि बूच केवढं, हे कागदावर लिहून विक्रेत्याला द्या. जो हे न वाचताच भाव सांगेल, त्याच्याकडून घेऊ नका.