ऑल-इनची किंमत टेबलाबाहेरही मोजायला हवी

ऑनलाइन पोकर स्पर्धेत एखादा खेळाडू सगळ्या चिप्स एकदम पुढे सारतो, म्हणजे ‘ऑल-इन’ करतो, तेव्हा बघणाऱ्याला त्याच्या धाडसाचे कौतुक वाटते. खरी जोखीम मात्र बहुतेक वेळा त्याला ‘कॉल’ देणाऱ्यावर, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावणाऱ्यावर असते. समजा, चार खेळाडू उरले आहेत, चौघांकडे सारख्याच चिप्स आहेत आणि बक्षिसे तिघांनाच मिळणार आहेत : एकूण रकमेच्या ५०, ३० आणि २० टक्के. म्हणजे प्रत्येकाच्या चिप्सची किंमत आज २५ टक्के. समोरच्याने ऑल-इन केले, तुमच्या हातात दोन राण्या आहेत आणि त्याच्याकडे एक्का-बादशहा निघाला, तर तुम्ही सुमारे ५७ टक्के वेळा जिंकाल. रोखीच्या खेळात एवढे पुरेसे ठरते, इथे ठरत नाही. जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण पहिले येण्याची शक्यता ५० टक्के, दुसरे येण्याची ३३ आणि तिसरे येण्याची १७ टक्क्यांच्या आसपास राहते. त्या हिशोबाने तुमचा वाटा ३८ टक्क्यांवर जातो, ५० वर नाही. हरलात तर हाती काहीच नाही. सक्तीच्या पैजा बाजूला ठेवल्या, तर ६५ टक्क्यांहून जास्त शक्यता असल्याशिवाय कॉल देणे तोट्याचे. खेळाडू या गणिताला आयसीएम म्हणतात. ऑल-इन करणाऱ्याला बाकीच्यांनी पत्ते टाकले तरी फायदा होतो. कॉल देणाऱ्याला पत्ते उघडून जिंकावेच लागते.

हे गणित चोख आहे, पण ते फक्त त्या एका स्पर्धेतल्या बक्षिसांपुरते. अनेक स्पर्धांच्या सुरुवातीच्या टप्प्यात बाद झालेल्याला पुन्हा पैसे भरून आत यायची मुभा असते, एकाच वेळी अनेक टेबले उघडी असतात, सक्तीच्या पैजा झपाट्याने वाढत जातात. बाद होणे कायमचे नसेल, तर ऑल-इन स्वस्त वाटू लागते. मुरलेला खेळाडू दुसरे प्रवेशशुल्क आणि त्यावर पुन्हा कापले जाणारे कमिशन हिशोबात धरतो. रात्री उशिरा हरत बसलेला माणूस ते धरत नाही. त्याला शहाणपण यायलाही वेळ लागतो, कारण ५७ टक्क्यांचा डाव शंभरात ४३ वेळा हरतोच. चुकीचा निर्णय पैसे देऊन जातो आणि बरोबर निर्णय बाहेर काढतो. निकालावरून निर्णय पारखता येत नाही, आणि तरीही आपण सगळे निकालावरूनच पारखतो.

नुसत्या खेळाडूच्या शहाणपणावर विसंबून भागत नाही, म्हणूनच मला ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरातले काम महत्त्वाचे वाटते. ब्रिस्टल विद्यापीठात २०२२ मध्ये जुगारातून होणाऱ्या हानीच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले; प्रा. अ‍ॅग्नेस नेअर्न आणि प्रा. शॅरन कॉलार्ड यांच्याकडे त्याचे नेतृत्व होते. खेळाडूच्या स्वभावापलीकडे जाऊन त्याच्याभोवतीचा बाजार मोजणे, ही या विद्यापीठातल्या संशोधनाची ताकद. प्रीमियर लीगच्या हंगामातील पहिल्या आठवडाअखेरीस दिसणारे जुगाराचे संदेश तिथल्या संशोधकांनी मोजले : २०२३ मध्ये सुमारे ११ हजार, २०२४ मध्ये २९ हजारांहून अधिक. शहराच्या नगरपरिषदेने तर २०२१ मध्येच आपल्या मालकीच्या जागांवर जुगाराच्या जाहिराती बंद करण्याचे धोरण मंजूर केले. केंद्राचे ४० लाख पौंड गॅम्बलअवेअरकडून आले आणि त्या संस्थेला तेव्हा जुगार कंपन्यांच्याच देणग्या मिळत, हा आक्षेप रास्त आहे. ऐच्छिक देणग्यांऐवजी कंपन्यांवर कायद्याने आकारणी लागू झाली ती एप्रिल २०२५ मध्ये. पण जाहिरातींचे हे आकडे त्या कंपन्यांना सोयीचे नाहीत, हेही नोंदवायला हवे.

पोकर समर्थकांचा मोठा आक्षेप असा की, हा कौशल्याचा खेळ आहे, त्याला स्लॉट मशीनच्या पंगतीत बसवू नका. कौशल्य आहेच, वरचे गणित त्याचाच पुरावा. पण पोकरमधली बक्षिसे इतर खेळाडूंच्याच खिशातून येतात आणि मधले कमिशन कंपनी घेते. त्यामुळे सगळे मिळून भरतात त्यापेक्षा कमीच परत मिळते, मग सगळे कितीही कुशल असोत. ब्रिटनच्या २००५ च्या कायद्याने कौशल्य आणि नशीब यांची सरमिसळ असलेला खेळही नशिबाच्या खेळातच धरला आहे. भारताच्या ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने तो भेद न मानता पैशांच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली. बंदीने खेळणारा परवाना नसलेल्या परदेशी संकेतस्थळांकडे वळण्याची भीती आहे, म्हणून मला ब्रिटनचा परवान्याचा मार्ग अधिक पटतो. पण तो अर्धवट आहे. २०२५ मध्ये तिथे ऑनलाइन स्लॉटच्या पैजेवर २५ आणि त्याहून अधिक वयाच्यांसाठी ५ पौंडांची आणि १८ ते २४ वयाच्यांसाठी २ पौंडांची मर्यादा आली. पोकर त्यात नाही. एका स्पर्धेत किती वेळा पुन्हा प्रवेश घेणार, हे पहिला पत्ता वाटण्याआधीच खेळाडूकडून ठरवून घ्यावे आणि नंतर ते वाढवू देऊ नये, असा नियम हवा. मोठ्यांच्या स्वातंत्र्यावर हा घाला नाही; डोके थंड असताना घेतलेला त्यांचाच निर्णय तो जपतो.

असा नियम येईपर्यंत ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी एक लक्षात ठेवावे. ऑनलाइन जुगारापासून स्वतःला रोखण्याच्या ‘गॅमस्टॉप’ या योजनेत नोंदणी मोफत होते, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे मुदत निवडता येते, ती संपण्याआधी माघार घेता येत नाही, आणि ३१ मार्च २०२० पासून ब्रिटनमधल्या प्रत्येक परवानाधारक ऑनलाइन जुगार कंपनीला ती पाळणे बंधनकारक आहे.