मॅकेनिक म्हणतो, "कार्बोरेटर बदला". पण खरंच बदलावा लागतो का?

पोफळी म्हटलं की बहुतेकांना कुंभार्ली घाट आणि कोयनेचं भूमिगत वीजघर आठवतं. पण जून उजाडला की इथल्या वाड्यांमध्ये वेगळंच टेन्शन असतं. पाऊस सुरू झालेला, चिखलणी तोंडावर आलेली आणि पडवीत झाकून ठेवलेलं मशीन दोरी ओढून हात दुखले तरी चालू होत नाही. मग ते टेम्पोत घालून चिपळूणला न्यायचं. तिथं बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, "कार्बोरेटर गेलाय, नवीन टाका."

नवीन टाकायचा की आहे तोच दुरुस्त करायचा? थोडं समजून घेतलं तर याचा अंदाज घरीच येतो.

आधी बघा, कार्बोरेटर आहे का?

आपल्याकडचे जवळपास सगळे ट्रॅक्टर डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात कार्बोरेटर नसतोच, तिथं इंजेक्शन पंप आणि नोझल असतात. कार्बोरेटर सापडतो तो आंबा-काजूच्या बागेतल्या ग्रासकटरमध्ये, पेट्रोलच्या पॉवर विडरमध्ये, पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायच्या पाणी पंपात, जुन्या चेतकमध्ये आणि अगदी जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरमध्ये.

त्याचं काम साधं आहे. हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढलं जातं. वजनात बघितलं तर 1 भाग पेट्रोलला साधारण 15 भाग हवा लागते. भोक इतकं बारीक असतं की थोडा चिकटा बसला तरी हिशोब बिघडतो.

मग तो बिघडतो कशामुळे?

बहुतेक वेळा नुसता उभा राहून. पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा थर राहतो. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरतं, आणि कोकणातल्या दमट हवेत पाण्याला काय तोटा! ते पाणी कार्बोरेटरच्या वाटीत तळाला बसतं आणि धातूवर पांढरी पावडर धरते. जुन्या मशीनचे रबरी भाग इथेनॉलसाठी बनलेले नसतात, ते फुगतात किंवा कडक होतात.

दोष ओळखायचा कसा?

आधी ताजं पेट्रोल, फिल्टर, पेट्रोलचा कॉक आणि स्पार्क प्लग तपासा. कित्येकदा दोष इथेच असतो. त्यानंतर ही लक्षणं बघा:

- चोक लावला की चालतं, काढला की बंद पडतं: जेट तुंबलाय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय.
- पेट्रोल बाहेर गळतंय: फ्लोट अडकलाय किंवा त्याची सुई-सीट झिजलीय.
- इंजिनाचा आवाज सारखा वरखाली होतोय: लहान जेट तुंबलाय. थ्रॉटलचा दांडा हलवून बघा, तो खडखडत असेल तर तिथून हवा शिरतेय.

दुरुस्ती केव्हा करायची?

मुख्य भांडं, म्हणजे बॉडी, धड असेल तर दुरुस्तीच करा. सुई, सीट, गॅस्केट, ओ-रिंग हे भाग झिजणारच असतात आणि ते किटमध्ये मिळतात. थ्रॉटलचा दांडा सैल झाला असेल तर लेथवाला पितळी बुश बसवून देतो.

उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढा. मिक्श्चर स्क्रू आधी हलकेच आत फिरवून किती फेरे लागतात ते लिहून ठेवा आणि मगच बाहेर काढा. रबर आणि प्लास्टिकचे भाग वेगळे करून मगच क्लीनर मारा. जेटमध्ये तार घालू नका. भोक थोडं जरी मोठं झालं तरी इंजिन पेट्रोल जास्त पितं. हे सगळं मोकळ्या हवेत करा, आणि जवळ विडी-काडी नको.

बदलायचा केव्हा?

बॉडीला चीर गेली असेल, गंजाने आतल्या वाटा खाल्ल्या असतील किंवा गॅस्केटची बाजू वाकडी झाली असेल, तर बदला. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणमध्ये कितीतरी मशीन पाण्याखाली गेली. अशा मशीनचा कार्बोरेटर लगेच उघडून धुतला तर गाळ निघून जातो. तेच मशीन महिनोनमहिने तसंच पडून राहिलं तर आतली बॉडी वाचेल याची खात्री नाही.

ग्रासकटरचा हिशोब वेगळा. त्यात फ्लोटऐवजी पातळ पडदा असतो आणि अख्खा नवीन कार्बोरेटर काही शे रुपयांत मिळतो. लावणी चार दिवसांवर असेल तर मजुरी घालवण्यापेक्षा नवीन टाकलेला बरा.

जुन्या ट्रॅक्टरचं मात्र नेमकं उलटं. फर्ग्युसनचा टीई-20 ब्रिटनमध्ये 1946 ते 1956 या काळात पाच लाखांहून जास्त संख्येने बनला. म्हणून त्याच्या झेनिथ कार्बोरेटरची किट तिकडे आजही मिळतात. नव्या नकली कार्बोरेटरमध्ये जेटची मापं जुळतीलच असं नाही. ट्रॅक्टर चालू होतो, पण नांगर जमिनीत गेला की दम सोडतो. अशा ट्रॅक्टरची मूळ बॉडी दुकानात मिळत नाही.

म्हणून नवीन टाकलात तरी जुना कार्बोरेटर दुकानात सोडून येऊ नका, मागून घ्या. आज चालणार नाही असा वाटला तरी उद्या त्याचाच एखादा भाग कामी येतो.

आणि यंदाचा हंगाम संपला की एवढं करा: पेट्रोलचा कॉक बंद करा, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि वाटीत उरलेलं पेट्रोल काढून टाका. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढच्या जूनमधली चिपळूणची फेरी वाचू शकते.