जितकी डोकी, तितकी शिरस्त्राणे

सन २०१५ च्या जून महिन्यात चेन्नई शहरातील शिरस्त्राणांच्या, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातील हेल्मेटच्या दुकानांवर एकच झुंबड उडाली होती. माउंट रोडला लागून असलेला जनरल पॅटर्स रोड हा वाहनांच्या सुट्या सामानाचा बाजार. तेथे आणि शहरात इतरत्रही माल पुरेनासा झाला, आणि पदपथांवर नवे विक्रेते उभे राहिले. कारण मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. किरुबाकरन यांनी १ जुलैपासून शिरस्त्राणाची सक्ती काटेकोरपणे अमलात आणण्याचा आदेश दिला होता. शिरस्त्राण नसलेल्या स्वाराची कागदपत्रे जप्त व्हावयाची, आणि आय. एस. आय. छापाचे शिरस्त्राण व ते विकत घेतल्याची पावती दाखविल्यावरच ती परत मिळावयाची होती.

वास्तविक कायदा नवा नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात ही तरतूद होतीच, आणि तामिळनाडूत २००७ साली ती एकदा जोराने अमलात आणून पुढे सैल पडली होती. नवी होती ती घाई. आणि घाईने केलेल्या खरेदीत मनुष्य पोलिसाच्या नजरेचा विचार करतो, स्वतःच्या डोक्याचा करीत नाही. स्वस्तात स्वस्त, हलक्यात हलके, जे हाती येईल ते घ्यावे, अशी वृत्ती होते. वाचकहो, ही गोष्ट चेन्नईपुरती नाही. पुण्यातही हेल्मेटसक्तीचा वाद वर्षानुवर्षे गाजला आहे. सक्ती असावी की नसावी, या वादात एक साधा प्रश्न मात्र मागे राहतो: घ्यावयाचेच, तर कोणते घ्यावे?

शिरस्त्राण काय करते?

निवड करण्यापूर्वी ही वस्तू कशी काम करते हे समजून घेणे इष्ट होय. १९३५ साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले आणि डोक्याच्या दुखापतीने काही दिवसांतच मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या दुखापतींचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. १९५३ साली अमेरिकेत चार्ल्स लोम्बार्ड यांनी आघात शोषून घेणाऱ्या अस्तराच्या शिरस्त्राणाचे पेटंट मिळविले. आजचे शिरस्त्राण त्याच तत्त्वावर उभे आहे.

त्याचे मुख्य भाग दोन. बाहेरचे कठीण कवच धक्का विस्तृत भागावर पसरविते. आतील जाड थर, जो आपल्या ओळखीच्या थर्मोकोलच्या जातीचा असतो, तो चेपला जातो आणि चेपता चेपता डोक्याची गती कमी करतो. खरे संरक्षण या साध्या दिसणाऱ्या थराचे आहे. उभ्या माणसाचे डोके सुमारे दीड मीटर उंचीवरून जमिनीवर आदळले, तर आदळताना त्याचा वेग ताशी जवळजवळ वीस किलोमीटर असतो. म्हणजे वाहन थांबलेले असले, तरीही पडण्यात धोका आहे. उघडे डोके डांबरी रस्त्यावर काही मिलिमीटरांतच थांबते. तेच डोके दोन-तीन सेंटिमीटरांत थांबले, तर मेंदूस बसणारा धक्का कित्येक पटींनी कमी होतो. जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली घेण्यात आला, तेव्हा शिरस्त्राणामुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले.

तोंड झाकावे की उघडे ठेवावे?

बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात. पहिला पूर्ण शिरस्त्राणाचा. यात डोके, कान आणि हनुवटी ही सर्व झाकली जातात आणि डोळ्यांपुढे पारदर्शक काच असते. दुसरा उघड्या तोंडाचा. यात कान व डोक्याची मागची बाजू झाकली जाते, पण हनुवटी मोकळी राहते. तिसरा प्रकार हनुवटीचा भाग वर उचलता येणारा. चौथा अर्ध्या टोपीसारखा. तो कानांच्या वरच संपतो.

चौथ्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ज्या भागांवर आघात होण्याचा संभव असतो, ते कपाळाचे पार्श्व व मानेच्या वरचा भाग त्यात उघडेच राहतात. बांधकामावरील कामगारांची पिवळी टोपी तर वरून पडणाऱ्या वस्तूंसाठी बनविलेली असते. रस्त्यावर तिचा उपयोग नाही.

खरी निवड पूर्ण व उघड्या प्रकारांत करावयाची असते, आणि चेन्नईत तो उकाड्याचा प्रश्न बनतो. तेथे मे महिन्यात ‘अग्निनक्षत्रम्’ म्हणून ओळखले जाणारे कडक उन्हाचे दिवस येतात, पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि समुद्राची दमट हवा घाम वाळू देत नाही. अशा वेळी तोंड मोकळे असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि जर्मनीतील हॅनोव्हर येथे अपघातग्रस्त शिरस्त्राणांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश आघात हनुवटी व जबड्याच्या भागावर झालेले आढळले. तोंडावर पडणाऱ्यास उघडे शिरस्त्राण दातांचे व जबड्याचे रक्षण करू शकत नाही.

म्हणून शक्य असेल त्याने पूर्ण शिरस्त्राणच घ्यावे, आणि उकाड्यावर उपाय शिरस्त्राणातच शोधावा. पुढे व मागे हवेची छिद्रे असलेले, आतील गाद्या काढून धुता येणारे, फिक्या रंगाचे शिरस्त्राण उन्हात पुष्कळ सुसह्य होते. आत पातळ सुती टोपी घातल्यास घाम टिपला जातो. सिग्नलला थांबल्यावर काच वर करावी, की चार श्वास मोकळे मिळतात. चष्मा लावणाऱ्यांना उचलता येणारा प्रकार सोयीचा; मात्र वाहन चालविताना तो बंदच ठेवावयास हवा. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात काचेवर आतून वाफ धरते. तेव्हा छिद्रे उघडी ठेवावीत. रात्री फिरणाऱ्याने काळी काच मुळीच घेऊ नये.

छाप, माप आणि पट्टा

प्रकार ठरला तरी काम संपत नाही. १ जून २०२१ पासून आपल्या देशात दुचाकीसाठीच्या शिरस्त्राणावर आय. एस. आय. छाप असणे बंधनकारक झाले आहे. खऱ्या छापावर वरच्या बाजूस ‘आय. एस. ४१५१’ हा मानकाचा क्रमांक आणि खाली निर्मात्याचा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अॅपवर तो क्रमांक तपासता येतो. नुसती चिकटवलेली चिठ्ठी म्हणजे हमी नव्हे.

त्यानंतर माप. भुवयांच्या किंचित वर, डोक्याचा सर्वांत मोठा घेर शिंप्याच्या टेपने मोजावा आणि तो सेंटिमीटरांत लिहून दुकानात न्यावा. नवे शिरस्त्राण गालांना व कपाळाला सर्व बाजूंनी सारखे दाबून बसले पाहिजे. ते घालून मान हलवावी; शिरस्त्राण डोक्याबरोबर हलावे, स्वतंत्रपणे नव्हे. पट्टा बांधून मागून पुढे ढकलून पाहावे. ते डोक्यावरून निघून आले, तर अपघातातही निघेल. दहा-पंधरा मिनिटे दुकानातच घालून बसावे. कपाळावर एखाद्या ठिकाणी दुखू लागले, तर तो आकार आपला नव्हे असे समजावे. पुढे गाद्या थोड्या बसतात, म्हणून ढिल्यापेक्षा किंचित घट्ट बरे.

आणि पट्टा! कोणत्याही शहरात चौकात उभे राहून पाहा. शिरस्त्राण डोक्यावर, आणि पट्टा मोकळा लोंबतो आहे, असे दृश्य हमखास दिसेल. न बांधलेले शिरस्त्राण पहिल्याच धक्क्याला उडून जाते. हनुवटीखाली एक-दोन बोटे जेमतेम जातील इतका तो आवळलेला असावा.

मागे बसणारे डोके

आता ज्या गोष्टीसाठी हा लेखप्रपंच केला, ती सांगतो. आपल्या घरी दुचाकी एक, म्हणून शिरस्त्राणही एक, असा हिशेब बहुतेक कुटुंबांत असतो. ते घरधन्याच्या डोक्यावर जाते. मागे बसलेल्या पत्नीचे, आईचे, शाळेत निघालेल्या मुलीचे डोके उघडेच राहते. पडताना रस्ता पुढच्या व मागच्या माणसांत भेद करीत नाही. केंद्र सरकारच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात शिरस्त्राण न घातलेली ५०,०२९ माणसे दुचाकीच्या अपघातांत मरण पावली. त्यांपैकी ३५,६९२ वाहन चालविणारी होती आणि १४,३३७ मागे बसलेली. या दुसऱ्या संख्येत किती माता, किती मुले असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. चेन्नईच्या पोलिसांनी मे २०२२ पासून मागे बसणाऱ्यांच्या शिरस्त्राणाविषयी विशेष मोहीम हाती घेतली, ती याच कारणाने.

चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण आवश्यक आहे, असे २०१९ च्या कायद्याने स्पष्ट केले आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकांसाठीही फेब्रुवारी २०२३ पासून नियम लागू झाला आहे. बालकास त्याच्या मापाचे शिरस्त्राण असावे, ते चालकास सुरक्षा-पट्ट्याने जोडलेले असावे आणि वाहनाचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या वर जाऊ नये. मोठ्या माणसाचे शिरस्त्राण मुलाच्या डोक्यावर ठेवणे म्हणजे संरक्षण नव्हे. ते डोळ्यांवर घसरते आणि मानेला ओझे होते.

स्त्रियांची एक अडचण खरी आहे. चेन्नईत सकाळी फुलांच्या बाजारातून मोगऱ्याचा गजरा आणून केसांत माळण्याची रीत आहे, आणि आपल्याकडेही सणासमारंभाला तो असतोच. उंच अंबाड्यावर शिरस्त्राण बसत नाही, आणि गजरा चुरगळतो. उपाय साधा आहे. प्रवासापुरती मानेलगत सैल वेणी घालावी, आणि गजरा पानात गुंडाळून पिशवीत न्यावा, पोहोचल्यावर माळावा. माप घेतानाही केस नेहमी बांधतो तसेच बांधून घ्यावे. शिरस्त्राण विकत घेण्यास घरधनी एकटा न जाता ज्याचे डोके, ते माणूस बरोबर न्यावे, हे उत्तम.

निगा

आतील थर एकदा चेपला, की पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराचा आघात झालेले शिरस्त्राण बाहेरून निर्दोष दिसले तरी टाकून द्यावे, आणि जुने कोणाकडून विकत घेऊ नये. आघात झाला नसला, तरी साधारण पाच वर्षांनी बदलावे असा निर्मात्यांचा सल्ला असतो. ते गाडीच्या आरशावर अडकवू नये. दांड्याने अस्तरात खड्डा पडतो. पेट्रोल वा थिनरने पुसू नये. सौम्य साबण व पाणी पुरे. काचेवर ओरखडे पडले, की ती बदलावी; समोरून येणाऱ्या दिव्यांत त्या ओरखड्यांनी रस्ताच दिसेनासा होतो.

पुढच्या वेळी घरात दुचाकी येईल, तेव्हा किमतीच्या हिशेबात एक ओळ वाढवा. तिच्यावर घरातील कितीजण बसणार आहेत ते मोजा, प्रत्येकाचे माप लिहा आणि तितकी शिरस्त्राणे त्याच दिवशी घरी आणा. मग दाराजवळच्या खुंटीवर किल्लीशेजारीच ती टांगून ठेवा. किल्ली घेणाऱ्या हाताला शिरस्त्राण लागले, की विसरण्याचे कारण उरत नाही.