ताण पडला की प्रथिनाची घडी उलगडते! मल्लखांबापासून हृदयाच्या व्हॉल्व्हपर्यंतचं विज्ञान समजून घ्या

अमरावतीत १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर मल्लखांब करणाऱ्या खेळाडूंचे स्नायू ताणले जातात आणि पुन्हा मूळ जागी येतात. यात टायटिन या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. मानवी शरीरातलं हे सर्वांत मोठं ज्ञात प्रथिन.

घडी म्हणजे काय?
प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक घडीत बसली, तरच काम करते. उष्णतेने ही घडी मोडते, हे अंडं उकडताना दिसतं. तसाच परिणाम नुसत्या ओढीनेही होतो. १९९७ मध्ये म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी अतिसूक्ष्म सुईने टायटिन ओढलं. एकामागून एक घड्या उलगडल्या आणि ताण सोडताच पुन्हा बसल्या. पुण्याच्या आयसर आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्येही एकेक रेणू ओढून असं संशोधन झालं आहे.

रक्तात काय होतं?
व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे प्रथिन रक्तात सुताच्या गुंडीसारखं फिरतं. जखम झाली की प्रवाहाच्या जोराने ते ताणलं जातं, प्लेटलेट्सना धरतं आणि रक्त थांबतं. ताण जास्त झाला, तर त्याचा आतला एक भाग उलगडतो आणि ॲडम-टीएस-१३ हे एन्झाइम तिथेच ते कापतं. घडी बंद असेल, तर कापायची जागा झाकलेली राहते. हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये लेझर चिमट्याने हे दाखवलं. त्यासाठी सुमारे १० पिकोन्यूटन बल पुरतं. एक पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग.

बिघडलं तर?
कापणं बंद पडलं, तर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. जास्त कापलं गेलं, तर रक्तस्राव होतो. उतारवयात एऑर्टिक व्हॉल्व्ह अरुंद झाला की तिथून रक्त जोरात जातं, हे प्रथिन सतत उलगडतं आणि कापलं जातं. त्यामुळे काहींच्या आतड्यातून रक्त जातं. याला हेड सिंड्रोम म्हणतात. व्हॉल्व्ह बदलल्यावर अनेकांचा हा त्रास थांबतो. म्हणजे रक्त जातं पोटातून, पण मूळ असतं छातीत.

लक्षात ठेवा
घरातल्या आजी-आजोबांचा व्हॉल्व्ह अरुंद असेल आणि शौच काळी होत असेल किंवा रक्त कमी होत असेल, तर अकोल्याचं सर्वोपचार असो की अमरावतीचं इर्विन, डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगा.