आवाज बारीक करा!

टीव्हीला तोंडी हुकूम देणं बीड जिल्ह्याला नवं नाही. अंबाजोगाईच्या दूरदर्शन मनोऱ्यावरून चित्र यायचं त्या काळात एकजण माळवदावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून आरोळ्या उठायच्या, "आलं, आलं... गेलं की! मागं घे जरा!" वरच्याला इथलीच बोली कळायची. आता ऐकायचं काम रिमोटवरच्या माईकच्या बटणाकडे आलं आहे, आणि त्याला कुणाची बोली कळते हा खरा प्रश्न आहे.

रिमोटला ही अडचण कधीच नव्हती. त्याच्या अडचणी निराळ्या. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीत यूजीन पॉली यांनी 1955 मध्ये प्रकाशझोतावर चालणारा फ्लॅश-मॅटिक काढला, पण पडद्यावर ऊन आलं की टीव्ही मनानेच चॅनेल बदलायचा. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा स्पेस कमांड आला. आत अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या, त्यांवर आपटणारी इवलीशी हातोडी, आणि माणसाच्या कानाला न पोचणारा नाद. सेल मुद्दामच ठेवला नव्हता. तो उतरला तर गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला म्हणेल, ही विक्रेत्यांची धास्ती. जनक कोण, यावरून दोघांच्या नावांची रस्सीखेच मात्र पुढं अनेक वर्षं चालली. आजचे बहुतेक रिमोट अवरक्त किरण सेकंदाला सुमारे 38,000 वेळा लुकलुकवतात, म्हणून उन्हाशी गल्लत होत नाही. सेल उतरलाच तर तळहातावर दोनदा आपटणं, सेल काढून दाताखाली चावणं हे उपाय घरोघरी ठाऊक आहेत.

आवाजाची गोष्ट गुंतागुंतीची आहे. 2010 च्या सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि आयआयटीत मराठीतून बाजारभाव सांगणारी फोनसेवा घडत होती. शेतकऱ्यानं फोन लावायचा, माल आणि बाजार बोलायचा, भाव ऐकायचा. त्यासाठी राज्यभरातल्या दीड हजारांच्या आसपास लोकांचे आवाज गोळा केले गेले. रिमोटवरच्या माईकच्या आधी मराठी यंत्राला शिकवायला शेतकरी बसला होता, हे फारसं कुणाला माहीत नाही.

त्याहून बोलका कागद म्हणजे 2020 चा एक शोधनिबंध. कमी उत्पन्नाच्या लोकांनाच मोबदला देऊन मराठी आवाज मिळवता येतील का, हे त्यात तपासलं होतं. ग्रामीण मजूर, शहरी गरीब आणि विद्यापीठातले विद्यार्थी असे तीन गट, 36 माणसं, 109 तासांचं ध्वनिमुद्रण. निष्कर्ष असा, की गरिबांनी दिलेला आवाज विद्यार्थ्यांच्या आवाजाच्या तोडीचा निघाला. यात नवल वाटावं, हेच खरं तर नवल! पण एक खोट राहतेच. समोर मजकूर ठेवून वाचायला लावलं, की बीडचा माणूसही शाळेतली मराठी बोलतो. घरी तो "काय करायलास?" म्हणतो आणि टीव्हीचा आवाज 'कमी' न करता 'बारीक' करतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या 'वाणी' प्रकल्पानं म्हणूनच जिल्हावार आवाज घेताना लोकांना चित्रं दाखवली आणि दिसेल ते आपल्या शब्दांत सांगायला लावलं. पद्धत म्हणून हीच सरस.

गुगल असिस्टंट 2018 मध्ये मराठी बोलू लागला. तरी बीडमध्ये खरी परीक्षा दिवाळीनंतर होते. घरातले कर्ते हात कोयता घेऊन ऊसतोडीला जातात; टीव्हीपाशी म्हातारी माणसं आणि पोरं उरतात, आणि माईकला त्यांचीच बोली कळावी लागते. शिवाय बहुतेक आवाजी यंत्रणांना इंटरनेट लागतं, आणि गेलेली वीज परत येऊनही राउटर सुरू झाला नसेल तर माईकचं बटण मुकं. रिमोट तेवढ्यात चॅनेल बदलून मोकळा.

एका कामात मात्र माईकला तोड नाही. यूट्यूबवर कीर्तन शोधायचं, तर बाणाच्या बटणानं एकेक अक्षर वेचत बसणं हा छळ आहे, आणि अक्षरओळख नसलेल्या आजीला तर दारच बंद. तिच्यासाठी बोलणं हाच रस्ता. तेव्हा शोधायला आवाज आणि आवाज बारीक करायला बटण, अशी वाटणी सध्या तरी रास्त आहे. माईकच्या नादात रिमोटवरचे आकडे गाळणाऱ्या कंपन्यांनी ते परत द्यावेत. आणि सरकारच्या 'भाषिणी'त 'भाषादान' नावाची सोय आहे, तिथं मराठवाड्यातल्या वाचकांनी आपला आवाज जरूर नोंदवावा.