लेलँड नावाचं गाव

ट्रकच्या कपाळावर ‘अशोक लेलँड’ हे नाव आपण इतक्यांदा वाचलंय की लेलँड हे कुणा साहेबाचं आडनाव असावं, असं वाटतं. ते गाव आहे, इंग्लंडच्या लँकाशायरमधलं. तिथे १८९६ साली समनर आणि स्परियर या घराण्यांनी वाफेच्या गाड्यांचा कारखाना काढला. १९०७ पासून तो ‘लेलँड मोटर्स’ झाला.

पहिल्या महायुद्धात लेलँडने सैन्याला हजारो लॉऱ्या पुरवल्या. युद्धानंतर त्या भंगार अवस्थेत बाजारात आल्या तर नाव खराब होईल, म्हणून कंपनीने त्या स्वतःच परत विकत घेऊन दुरुस्त केल्या. नाक राखण्याचा हा खर्च तिला जवळजवळ बुडवूनच गेला.

वर काढलं ते बसने. रॅकहॅम या इंजिनियरची ‘टायटन’ डबलडेकर १९२७ मध्ये आली. बुटक्या पुलांखालून जावी म्हणून वरच्या मजल्यावरची चालायची वाट एका कडेला, खोलगट केलेली. त्यामुळे वर चौघांचं सलग बाकडं. पार टोकाच्या माणसाला उतरायचं तर उरलेल्या तिघांची उठबस. खाली त्याच कडेला बसलेला बेसावध उभा राहिला की डोक्याला टेंगूळ. तरी टायटन धडाक्यात खपली. ‘ट्रामला मूठमाती द्या’ अशा अर्थाची जाहिरात कंपनी बिनदिक्कत करायची!

पुढे लेलँड एकेक प्रतिस्पर्धी गिळत गेली. १९६२ मध्ये लंडनला बस पुरवणारी एईसीही तिच्या पोटात गेली. इथवर ठीक होतं. पण मोटारींचाही मोह पडला. १९६८ मध्ये सरकारच्या आग्रहाने ऑस्टिन-मॉरिसवाल्यांशी विलीनीकरण झालं आणि क्युबाला बस विकून नाव कमावलेले डोनाल्ड स्टोक्स या अवाढव्य ‘ब्रिटिश लेलँड’चे कर्ते झाले. संप, तोटा, जुनाट यंत्रं. बस-ट्रकची कमाई मोटारींच्या खड्ड्यात गेली, ही खरी चूक. १९७५ मध्ये सरकारला कंपनी ताब्यात घ्यावी लागली.

बसचा धंदा मोडला तो ऐंशीच्या दशकात. नव्या बससाठीचं सरकारी अनुदान आटलं. १९८६ मध्ये लंडनबाहेरची बससेवा खुली झाली, तेव्हा उद्याची खात्री नसलेले बसवाले मोठ्या गाड्या घेईनात. मिनीबसवर भागवू लागले. मग वाटण्या झाल्या. ट्रक १९८७ मध्ये डच डॅफकडे गेले. बसविभाग त्याच वर्षी व्यवस्थापकांनी घेतला आणि पुढच्याच वर्षी स्वीडनच्या व्होल्वोला विकला. लेलँडचा वर्किंग्टनचा बसकारखाना १९९३ मध्ये बंद पडला.

चेन्नईजवळच्या एन्नोरच्या अशोक लेलँडमध्ये १९५५ पासून असलेला ब्रिटिश हिस्सा १९८७ मध्ये हिंदुजा आणि इटलीच्या इव्हेकोने घेतला. लीड्सचा रो हा बसबांधणीचा कारखाना लेलँडने १९८४ मध्ये बंद केला, तेव्हा तिथल्या कामगारांनी खटपट करून पुढच्याच वर्षी तो ‘ऑप्टेअर’ नावाने उघडला. पुढे अशोक लेलँडने ही ऑप्टेअरच विकत घेतली. २०२० मध्ये तिचं नाव ‘स्विच’ झालं. २०२३ पासून मुंबईत धावणाऱ्या बेस्टच्या विजेवरच्या डबलडेकर याच स्विचच्या आहेत.