टॅपेट कव्हरखालचे सोळा जण

संपादकांना दिवाळी अंकासाठी वुडवर्ड ॲव्हेन्यूवरचा लेख हवा होता. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या या रस्त्यावर जुन्या अमेरिकन गाड्यांची जत्रा भरते. क्रोमचा लखलखाट, व्ही-८ इंजिनांची घरघर, कडेला खुर्च्या टाकून बसलेली आजी-आजोबा मंडळी. ते सगळं पाहिलं, पण खरा अडकलो तो रस्त्यापासून जरा आत असलेल्या एका इंजिनच्या वर्कशॉपमध्ये. तिथे कॉर्व्हेटचं एलएस-१ इंजिन टॅपेट कव्हर काढून ठेवलेलं होतं आणि सत्तरी ओलांडलेला एक मिस्त्री त्यातले सोळा रॉकर आर्म एकेक सोडवून, कुठला कुठे होता तो क्रम न मोडता, मांडून ठेवत होता. शेजारी दुसरी रांग होती नव्याकोऱ्या सोनेरी ॲल्युमिनियमच्या, टोकाला रोलर असलेल्या रॉकरची. ते गाडीमालकाने आणून दिले होते. कॅम जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह अधिक उघडणारा बसणार होता, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक येणार होत्या. मग रॉकर कंपनीचेच ठेवायचे की बाहेरचे घालायचे?

रॉकर म्हणजे सीसॉची फळी. कॅम पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरचं एक टोक उचलतो, दुसरं टोक खाली जाऊन व्हॉल्व्ह उघडतं. टेकू मात्र मधोमध नसतो. व्हॉल्व्हकडची बाजू लांब, त्यामुळे कॅमने थोडं उचललं तरी व्हॉल्व्ह जास्त उघडतो. किती पट जास्त, तो रॉकरचा रेशो. एलएस-१ चा रेशो १.७ आहे. २००६ च्या कॉर्व्हेट झी-०६ मध्ये आलेल्या ७ लिटरच्या एलएस-७ मध्ये तो १.८ केला. तिथे कॅमवरची जेमतेम ८.३ मिलिमीटरची उचल व्हॉल्व्हपाशी १५ मिलिमीटर होते.

इतिहास सांगायचा तर तो १९५५ पासून. एड कोल यांच्या हाताखाली शेव्हर्लेचं २६५ घनइंची व्ही-८ तयार झालं. तोवर रॉकर एका लांब शाफ्टवर ओवलेले असत. इथे प्रत्येकाला स्वतःचा स्टड, त्यावर अर्धगोल, आणि रॉकर म्हणजे पोलादी पत्रा दाबून केलेली वाटी. तेल पोकळ पुशरॉडमधूनच वर येई. कल्पना मूळची पाँटिॲकचे अभियंते क्लेटन लीच यांची. स्वस्त, हलकी आणि बनवायला सोपी. ती वाटी हातात घेतली तर खेळण्यातली वाटते, पण ते इंजिन इतक्या मोकळेपणी फिरे याचं बरंचसं श्रेय तिच्या हलकेपणाला आहे.

कडक स्प्रिंगा घातल्या की मात्र ही वाटी रडायला लागे. अर्धगोल आणि वाटी एकमेकांना खात, घर्षणाच्या उष्णतेने निळसर पडत. हेडमध्ये दाबून बसवलेले स्टड हळूहळू वर उपसत. लिफ्ट फार वाढवली तर वाटीतल्या खाचेचं टोक स्टडवर आदळे. म्हणून बेअरिंगवर फिरणाऱ्या, रोलर-टोकाच्या रॉकरची बाजारपेठ उभी राहिली, आणि त्या इंजिनापुरती ती योग्यच होती. तेव्हापासून हौशी मंडळींच्या मनात एक समीकरण बसलंय: इंजिन तेज करायचं तर आधी रॉकर बदला.

हाच सल्ला १९९७ च्या एलएस-१ ला डोळे मिटून लावला जातो, आणि मिस्त्रीबुवांचं डोकं तिथेच फिरतं. या इंजिनात वाटी नाही. ओतीव पोलादाचा रॉकर आहे, त्याच्या पोटात आडवी पिन, पिनीभोवती सुईसारखे रोलर असलेलं बेअरिंग, आणि सगळं एका बोल्टने हेडला आवळलेलं. जुन्या वाटीची बहुतेक दुखणी इथे मुळातच नाहीत.

त्यांनी एक छोटा वजनकाटा काढला. रॉकर त्यावर आख्खा ठेवला नाही; पिनीखाली टेकू दिला आणि फक्त व्हॉल्व्हकडचं नाक काट्यावर टेकवलं. आधी कंपनीचा, मग सोनेरी. सोनेरीचा आकडा जास्त आला. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा हलकं खरं, पण तेवढी ताकद यायला ते जाड घ्यावं लागतं. शिवाय रोलर आणि त्याची पिन पोलादी, आणि ती नेमकी टोकाला. "एकूण वजन मला सांगू नकोस, नाकाचं सांग," ते म्हणाले. पिनीजवळचं वजन जवळपास फुकट असतं. टोकाचं वजन अंतराच्या वर्गाने महाग पडतं. ६००० आरपीएमला एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. प्रत्येक वेळी ते नाक थांबवून उलट फिरवायचं काम स्प्रिंगचं. नाक जड झालं की स्प्रिंग आणखी कडक हवी, ती कडक झाली की पुशरॉड वाकतो, आणि एका टप्प्यावर व्हॉल्व्ह कॅमचं ऐकेनासा होतो. एलएस-७ ने कंपनीच्या बिनरोलरच्या रॉकरवर ५०५ अश्वशक्ती दिली आणि ७००० आरपीएमपर्यंत मजल मारली, हे सोनेरी पेटीवर कोणी छापत नाही.

याचा अर्थ बाहेरचे रॉकर थोतांड आहेत असा नाही. रोलरमुळे व्हॉल्व्हच्या डोक्यावरचं घासणं कमी होतं, गाइडवर बाजूने पडणारा रेटाही घटतो. निव्वळ शर्यतीच्या इंजिनात स्प्रिंगा राक्षसी असतात, तिथे शाफ्टवर बसणारे भक्कम रॉकर लागतातच.

कंपनीच्या रॉकरची खरी दुखरी जागा दांड्यात नाही, पोटात आहे. मिस्त्रीबुवांनी पांढरं फडकं पसरलं, रॉकर प्रेसखाली धरला आणि पिन हलकेच ढकलली. टक्‌ असा आवाज झाला आणि सुया फडक्यावर विखुरल्या. त्यांना पिंजरा नाही. एकमेकींच्या आधाराने, बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यांच्या भरवशावर उभ्या असतात. मूळच्या स्प्रिंगांवर त्या वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात. लिफ्ट आणि स्प्रिंग वाढली की ती कडी सरकू शकतात, आणि एक सुई निसटली की मागोमाग बाकीच्या. मग ते पोलाद तेलाबरोबर इंजिनभर फिरतं. इलाज स्वस्त आहे: रॉकर कंपनीचाच ठेवायचा, पोट बदलायचं. पिंजऱ्यातलं बेअरिंग आणि दोन्हीकडे सर्क्लिप, किंवा सरळ कांस्याचा बुश. मिस्त्रीबुवांचा कल बुशकडे. "यातून पडायला काही उरतच नाही."

इथवर ऐकून मला वाटलं, निकाल लागला. पण खरी कटकट पुढेच होती. बुश जराही तिरका दाबला गेला तर पिन अडते, म्हणून प्रत्येक रॉकर हाताने डोलवून पाहायचा. जुन्या इंजिनात स्टडवरचा नट फिरवून ढिलाई जुळवता येत असे; इथे बोल्ट ३० न्यूटन-मीटरला आवळला की विषय संपला. जुळवाजुळव होते ती फक्त पुशरॉडच्या लांबीने. त्यात कॅम नवा. लिफ्ट वाढवताना कॅमचं मूळ वर्तुळ बहुधा बारीक केलेलं असतं, म्हणजे कॅम आणि पुशरॉड यांच्यामधला टॅपेट खाली बसतो आणि जुना पुशरॉड तोकडा पडतो. लांबी कमी-जास्त करता येणारा मापाचा पुशरॉड घालून हे ताडायचं. व्हॉल्व्हच्या डोक्यावर मार्करची शाई लावून इंजिन हाताने फिरवायचं. रॉकरच्या टोकाने शाई कुठे पुसली ते पाहायचं, पट्टा अरुंद आणि मध्याजवळ हवा. स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसत नाहीत ना, पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात फट उरते ना, हेही मोजायचं. कोणी रेशो १.७ चा १.८ केला तर लिफ्ट बदलते आणि या फटी पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात मालक आला. त्याला सोनेरीच हवे होते. पैसे मोजले होते आणि मित्रांना दाखवायचेही होते. मिस्त्रीबुवा काही बोलले नाहीत. त्यांनी दोन सोनेरी रॉकर हेडवर ठेवले आणि वरून टॅपेट कव्हर टेकवलं. ते बसेना. उंच कव्हर घ्या किंवा खाली स्पेसर द्या, आणि वर जड नाक सांभाळायला स्प्रिंगा बदला. मालकाने हिशेब विचारला, मग बुशच्या किटचा विचारला. सोनेरी पेटी बंद झाली. पण पहिल्या सिलिंडरवरचं पुशरॉडचं माप मूळ लांबीशी जुळलं नव्हतं, नव्या लांबीचे सोळा पुशरॉड मागवायचे होते, आणि ते येईपर्यंत कव्हर लागणार नव्हतं.